आधी बांधावर

भास्करकाकांच्या टेबलाखाली एक खरखरणारा कॉम्प्युटर कायम चालू असायचा. त्यावर चिकटपट्टी लावून त्यांनी लिहिलं होतं, 'बांध'. गोखिवऱ्यातल्या आमच्या इस्पितळाचे सर्व्हर सांभाळणारा हा माणूस घरी केळीची वाडी करायचा. "नवी जात आधी बांधावर लावायची. दोन पावसाळे टिकली तर वाडीत," हा त्यांचा नियम ऑपरेटिंग सिस्टीमलाही लागू होता. ओपन सोर्स सिस्टीमची नवी आवृत्ती आली की ती आधी 'बांधा'वर. मुख्य सर्व्हरवर मात्र जुनी, मुरलेली, कोणी ढुंकून बघणार नाही अशी.

मी त्यांच्या हाताखाली नवा होतो, आणि माझ्याकडे दोन सर्टिफिकिटं होती, फ्रेम केलेली. "काका, जग कुठे गेलंय!" असं मी त्यांना दिवसाआड ऐकवायचो.

"जाऊ दे रे. रक्तपेढीची यादी सकाळी उघडली म्हणजे झालं."

ते पुतणीच्या लग्नासाठी दोन दिवस रजेवर गेले आणि मला चेव आला. ताजी आवृत्ती मी थेट मुख्य सर्व्हरवर चढवली. स्क्रीनचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवरही टाकला. मामांनी शाबासकीचा अंगठा पाठवला.

सकाळी रक्तपेढीचा जुना प्रोग्रॅम त्यावर चालेना. अर्नाळ्याची एक बाई ऑपरेशनच्या टेबलावर, रक्तगट दुर्मिळ, आणि सिस्टर माझ्यासमोर उभ्या. "यादी दे लवकर!" मी काकांना फोन लावला. मागे हळदीची गाणी चालली होती.

"खालच्या खणात डिस्क आहे, जुन्या सिस्टीमची. ती लाव. वाडी बुडाली तरी घरात बियाणं ठेवतो मी."

वीस मिनिटांत यादी उघडली. त्या गटाच्या रक्ताच्या दोन पिशव्या आमच्या फ्रिजमध्येच होत्या. बाई वाचली. मी जिन्यात बसून रडलो.

काका परतले तेव्हा माझ्या खिशात राजीनामा होता. त्यांनी तो न वाचता घडी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. पुढे निवृत्त होताना सर्व्हर रूमची किल्ली माझ्याच हातात ठेवली.

"माझ्याकडे? मी काय केलं होतं, विसरलात?"

"म्हणूनच. ज्याच्या हातून एकदा बाग मेलीय, तो पाणी बघून घालतो."

राजीनामा अजून टेबलाखालीच आहे. शेजारी 'बांध' खरखरतोय. आणि हल्ली मोबाइलची नवी आवृत्तीसुद्धा मी आधी बायकोच्या मोबाइलवर लावून बघतो. 'बांध' म्हणजे काय, हे तिला अजून सांगितलेलं नाही.