मिठाची पिशवी आणि काळी चिंधी

कोलशेतच्या मीठनाक्यावर सकाळी सहाची घंटा होऊन वीस मिनिटं झाली होती, आणि धाकू अंगणात उकिडवा बसून कोयत्याला मूठ बसवत होता. साल १८८४, डिसेंबरातला सोमवार. मिठागर बंद होऊन दोन महिने झाले, तरी नाक्यावरचा शिपाई घंटा वाजवायचा थांबला नव्हता. कामावर यायला कोणी उरलं नसताना ती घंटा कोणासाठी वाजते, हे धाकूने त्याला एकदा विचारलं होतं. हुकूम आहे, एवढंच उत्तर मिळालं.

धाकू एक्केचाळीस वर्षांचा. त्यातली पंचवीस वर्षं त्याने खाडीकाठच्या त्या एकाच मिठागरात काढली. वाफे तुडवायचे, भरतीचं पाणी आत घ्यायचं, लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढून राशी लावायच्या. मग एक दिवस घोड्यावरून एक माणूस आला. लहान मिठागरं चालवणं परवडत नाही, असा कागद त्याने वाचून दाखवला. पुन्हा वाचा, असं धाकू म्हणाला. त्याने पुन्हा वाचला. कागद तोच होता.

ते पुन्हा उघडावं म्हणून गावाने अर्ज केला. त्याचं उत्तर यायचं होतं, आणि तोवर पोट भरायला खडवलीच्या बाजूचं जंगल होतं. तिकडे ठेकेदाराची लाकूडतोड चालू होती. त्या कामावर लागायच्या दोन वाटा होत्या. पहिली सोपी. ठेकेदाराच्या खोपीतून बांधलेलं गाठोडं उचलायचं: कोयता, कांबळं, दोर, पत्र्याचं भांडं, काडेपेटी. बदल्यात कागदावर अंगठा उठवायचा; तो उठला की होळीपर्यंत जंगलाबाहेर पाऊल टाकता येत नसे. दुसरी वाट म्हणजे स्वतःचं सामान घेऊन पंढरी नाईकाच्या टोळीत जायचं. तिथे माणूस वाटेल त्या दिवशी घरी जाऊ शके.

धाकूला दुसरीच वाट हवी होती. अर्ज मंजूर झाला तर ज्या दिवशी मिठागर उघडेल त्या दिवशी बांधावर जे उभे असतील तेच कामावर लागणार होते. होळीपर्यंत अडकलेल्या माणसाची कोणी वाट पाहणार नव्हतं. आणि कागद या वस्तूचा त्याला आता इतका राग होता, की त्यावर अंगठा उठवायचा विचारही त्याला सोसत नव्हता.

सामान त्याने तीन आठवड्यांत जमवलं. मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव ठाण्याच्या लोहाराकडे नेली आणि दोन दिवस त्याचा भाता ओढून तिच्यातून कोयता घडवून घेतला. मूठ मीठ ओढायच्या फळीच्या दांड्याची. तो दांडा कापताना त्याने इतक्या शिव्या दिल्या, की शेजारच्या बायका दारात आल्या. कोयता कमरेला अडकवायची आकडी त्याने बाभळीची तासली. दोर जुन्या होडीचा, उलगडून पुन्हा वळलेला. पाणी ठेवायला वाळवलेला दुधी भोपळा. घोंगडी सासऱ्याची, दोन ठिकाणी ठिगळ लावलेली. विस्तवासाठी गारेचा, म्हणजे गारगोटीचा, खडा आणि त्यावर मारायला तुटक्या कानशीचा पोलादी तुकडा. ठिणगी धरायला सुती चिंधी लागते, तीही आधी जाळून काळी केलेली. ती तुळसाने, त्याच्या बायकोने, लुगड्याच्या पदराची केली. मडक्यात चिंध्या घातल्या, तोंड शेणामातीने लिंपलं आणि मडकं चुलीत ठेवलं. थंड झाल्यावर आत हात लावताच मोडेल अशी काळीभोर चिंधी तयार.

मूठ बसली. आता ती चिंधी, गार आणि पोलाद ठेवायचं कशात, एवढंच उरलं होतं. तुळसाने आपली पानाची चंची रिकामी करून पुढे केली. धाकूने ती परत सरकवली आणि खुंटीवरची स्वतःची जाड पिशवी काढली. कोलशेतला मिठागरावरचा प्रत्येक माणूस हंगामातलं पहिलं मूठभर मीठ अशा पिशवीत घालून कमरेला बांधी आणि हंगाम सरेपर्यंत ते काढत नसे. धाकूच्या पिशवीत पंचवीस हंगामांचं मीठ राहून गेलेलं होतं.

"त्या पिशवीत अजून मीठ हाय," तुळसा म्हणाली.

"धुतलीय मी."

"खाडीच्या पाण्यात धुतली आसंल."

"मना मीठ नको शिकवू. दांडा गेला, फळी गेली, वाफं गेलं. ही तरी माजी हाय ना?"

तुळसाने चंचीत परत पानं भरली. याचाही धाकूला राग आला.

दुपारी ठाण्याहून आगगाडीने तो टिटवाळ्याला उतरला आणि तिथून चालत संध्याकाळी टोळीच्या तळावर पोचला. पंढरी नाईक साठीचा, वाळक्या वेलीसारखा. त्याने धाकूचं सामान घोंगडीवर मांडायला लावलं. कोयत्याची धार अंगठ्याने पाहिली, दोर ताणला, भोपळा हलवला. कोयता बरा आहे म्हणाला. मूठ पाहून हसला आणि विचारलं, याने झाड तोडणार का वाफा ओढणार? टोळी हसली. त्या घटकेपासून धाकूचं नाव मिठ्या पडलं.

मग पंढरीने टोळीची रीत सांगितली. नव्या माणसाने पहाटेचा विस्तव स्वतःच्या सामानावर पेटवायचा. समोरच्या ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर ऊन येईपर्यंत वेळ. तोवर सगळी टोळी थंडीत बसून राहणार, कोणी निखारा देणार नाही. जंगलात वाट चुकलेल्याला विस्तवच वाचवतो, आणि तो ज्याला जमत नाही त्याला शोधत फिरायला टोळीकडे माणसं नाहीत. तीन पहाटा मिळतात. पेटेपर्यंत मजुरी नाही. तिसऱ्या पहाटेलाही नाही पेटला, तर ठेकेदाराची खोपी समोरच आहे.

मंगळवारी पहाटे दव इतकं होतं, की पानांवरून थेंब गळत होते. एकोणीस माणसं घोंगड्या ओढून गोल बसली. ठेकेदाराचा कारकून प्रभाकरपंत बंडी आणि कानटोपी घालून खोपीच्या दारात उभा राहिला. गाठोडं त्याने आधीच बाहेर आणून ठेवलं होतं.

धाकूने गारेवर चिंधी धरली आणि पोलाद मारलं. ठिणग्या चांगल्या पडल्या. चिंधीवर पडून विझल्या. त्याने दुसरा तुकडा घेतला. तोही तसाच. त्याने वीस वेळा मारलं, मग मोजणं सोडलं. बोटाचं साल निघालं. थंडीने कोणीतरी दात वाजवत म्हणालं, की मिठ्या आपल्याला खारवून ठेवणार दिसतोय.

"आरं, फुंकर घाल," पंढरी म्हणाला.

"ठिणगीच धरत नाय तर फुंकू काय, तुझं डोस्कं?"

कोणी हसलं नाही. नाईकाशी असं कोणी बोलत नसे. पंढरीने फक्त ऐनाच्या शेंड्याकडे पाहिलं.

धाकूने चिंधी दोन बोटांत चिरडली. ती मोडायला हवी होती. ती लिबलिबली. त्याने बोट जिभेला लावलं, आणि हात तसाच तोंडाजवळ राहिला.

खारट.

मीठ हवेतलं पाणी ओढतं. राशीवर झावळ्यांचं छप्पर नीट घाला, नाहीतर नुसत्या दवाने रास पाझरेल, हे तो पंचवीस वर्षं नव्या माणसांना ओरडून सांगत आला होता. जंगलातला कोणीही मूर्ख माणूस चिंधी पावसात भिजवेल. कोरड्या डिसेंबरात ती कमरेवर बांधून भिजवायला मिठागराचाच माणूस लागतो.

ऐनाच्या शेंड्यावर ऊन आलं. प्रभाकरपंत गाठोडं घेऊन पुढे आला. चांगल्या स्वरात म्हणाला, "कशाला तीन दिवस उपाशी राहतोस? काडेपेटी आहे यात. एक काडी ओढ की झालं. अंगठा कर आणि आजपासून मजुरी घे."

"आधी वाचून दाखवा, त्यात काय लिवलंय."

"नेहमीचंच."

"मना वाचून दाखवलेलं तेही नेहमीचंच होतं," धाकू म्हणाला. "उचला ते गाठोडं माज्या समोरनं. लाथेने उडवीन नायतर."

प्रभाकरपंताने गाठोडं उचललं. जाताना, परवा बघू, असं म्हणाला. तो दुष्ट माणूस नव्हता. त्याला यादी भरायची होती.

टोळीतल्या दुसऱ्या एकाने विस्तव पेटवला. धाकू त्याच्याजवळ गेला, पिशवीतून गार आणि पोलाद काढलं आणि पिशवी विस्तवात टाकली. ती लवकर पेटेना. नंतर तडतडत जळली, आणि राखेतही मिठाचे कण उड्या मारत राहिले. धाकू ती पूर्ण जळेपर्यंत उभा होता. पंढरीने विचारलं, आता सामान कशात ठेवशील? धाकूने कोयता काढला आणि तळामागच्या बांबूच्या बेटात गेला.

त्याने एक कांडं कापलं, एका बाजूचं बंद पेर तसंच ठेवलं, दुसऱ्या बाजूला घट्ट बूच तासलं. सगळा मंगळवार टोळीचं पाणी वाहिलं. संध्याकाळी पंढरीकडून फुटकं गाडगं मागून घेतलं, स्वतःच्या मुंडाशाचा शेव फाडून त्यात घातला आणि टोळीच्या चुलीत जाळून काळा केला. रीत फक्त पहाटेच्या विस्तवाची होती. चुलीबद्दल पंढरी काही बोलला नव्हता.

बुधवारी पहाटे दव तितकंच होतं. चौथ्या घावाला चिंधीवर लाल ठिपका बसला आणि पसरू लागला. धाकूने तो वाळक्या गवतात गुंडाळून फुंकला. जाळ उठला तेव्हा ऐनाचा शेंडा अजून काळा होता. टोळी पुढे सरकली. पंढरीने हात शेकले आणि, मिठ्या, उद्यापासून उशिरा उठलास तरी चालेल, असं म्हणाला. धाकू हसला नाही. दोन महिने हसण्यासारखं काही झालं नव्हतं आणि एका जाळाने त्यात फरक पडत नव्हता. अर्ज होता तिथेच होता.

दुपारी लाकडाची गाडी टिटवाळ्याला निघाली. गाडीवान पुढे ठाण्याला भावाकडे जाणार होता. घरी काय सांगू, असं त्याने विचारलं. धाकूने दोराची गाठ आवळली.

"कोलशेतला तुळसाला सांग, पिशवी जाळली."

"एवढंच?"

"तिला कळंल."

उद्या, गुरुवारी, पावणेसहाला पंढरी नाईक हजेरी घेईल. तो नावं कागदावरून नाही, पाठ म्हणतो. विसावं नाव धाकूचं आहे.