ओठ जड झाला का?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीच्या डेंटल कॉलेजात माझं शेवटचं वर्ष चालू होतं. परीक्षा तोंडावर आलेली असताना परदेशात राहून आलेले एक डॉक्टर आम्हाला स्लाइड्स दाखवायला आले. पडद्यावर एक गोरा मुलगा होता. डोळ्यांवर जाडजूड चष्मा, हातात ड्रिल आणि समोर कोणीच नाही. तो हवेत दाढ कोरत होता. दाढ म्हणे कॉम्प्युटरच्या आत असते, ती त्याला चष्म्यातून दिसते आणि ड्रिल टेकवलं की हाताला कडकपणाही जाणवतो. "पुढे पुढे शिकायला पेशंट लागणारच नाही," असं डॉक्टर म्हणाले आणि आम्ही टाळ्यांचा कडकडाट केला. तंत्रज्ञानाचं कौतुक वगैरे कुणाला नव्हतं. पेशंट लागणार नाही, एवढंच आम्हाला ऐकू आलं होतं.

कारण आमच्याकडे परीक्षेचा पेशंट ज्याचा त्यानं आणायचा असे. त्याची दाढ किडलेली हवी, पण कीड दाताच्या नसेपर्यंत पोचलेली नको. परीक्षकांसमोर ती कोरायची आणि तिच्यात चांदी भरून दाखवायची. पेशंट आला नाही की परीक्षा बुडाली. त्यामुळे अशी दाढ असलेल्या माणसाला आम्ही जावयासारखं जपायचो, आणि तरी दुसरं कोणीतरी त्याला पळवायचंच.

खरं तर मला पेशंट नकोच असायचा. सुरुवातीची दोन वर्षं आम्ही फँटम हेडवर शिकलो होतो. फँटम हेड म्हणजे लोखंडी दांड्यावर बसवलेलं रबरी गालांचं डोकं. त्याच्या जबड्यात उपटलेले खरे दात बसवायचे आणि कोरायचे. त्यात माझा हात वर्गात सगळ्यात चांगला होता आणि मला त्याचा माजही होता. जिवंत तोंड समोर आलं की तो उतरायचा. जीभ मध्येमध्ये यायची, लाळ साचायची, माणूस उसळायचा. त्यात खालच्या जबड्याला भुलीचं इंजेक्शन देताना तर माझे हातपाय गळायचे. त्या लोखंडी डोक्याला इंजेक्शन द्यायची सोयच नव्हती ना.

परीक्षा दोन दिवसांवर आली आणि माझ्या पेशंटनं, तासगावच्या एका गुरुजींनी, ठणका सहन होईना म्हणून दाढ दुसरीकडे उपटून घेतली. माझं धाबं दणाणलं. मी रहिमतपूरला घरी फोन केला आणि फोनवरच रडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी आत्या हॉस्टेलच्या दारात हजर. माण तालुक्यातल्या तिच्या गावाहून, शेरडं जावेच्या हवाली करून, एसटीनं आलेली. "तुजा बा म्हनला, पोरीला दाढ पायजे. माजी हाय की एक सडकी," ती म्हणाली आणि तिथंच तिनं आ केला. खालची दाढ होती, हवी तशी किडलेली. माझा जीव भांड्यात पडला.

पण आत्या म्हणजे बोलायचं यंत्र. परीक्षेच्या सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या तिनं शेजारच्या मुलाला गाव विचारलं, जात विचारली आणि लग्न का केलं नाहीस म्हणून त्याला झापलंही. बाहेरून आलेले परीक्षक समोरूनच येत होते. आदल्या दिवशी त्यांनी एका मुलाला अर्ध्यातून घरी पाठवल्याचं ऐकलं होतं. मी तडकले.

"आत्या, आता गप्प बस. हलू नको, हूं की चूं करू नको. काही झालं ना, तर मी नापास."

"व्हय गं बाय," ती म्हणाली आणि खरंच गप्प झाली.

मी इंजेक्शन दिलं. थोडा वेळ थांबले. नस बधिर झाली की त्या बाजूचा अर्धा ओठ जड पडतो, म्हणून विचारलं, "ओठ जड झाला का?"

"व्हय. लय जड झालाय. कर सुरू."

हिरडीला टोचून पाहिलं. आत्या हलली नाही. मी ड्रिल सुरू केलं.

इतका गुणी पेशंट मला कधीच मिळाला नव्हता. जीभ आड येत नव्हती, मान तसूभर हलत नव्हती. कीड निघत गेली, खड्ड्याच्या भिंती सरळ उतरत गेल्या. परीक्षक मागे येऊन उभे राहिले. "हात बरा आहे," एवढंच म्हणून ते पुढे गेले. मी हवेतच तरंगायला लागले.

तोंड भरलं म्हणून आत्याला चूळ भरायला पाण्याचा ग्लास दिला. तिनं चूळ भरली आणि पिचकारी सरळ बेसिनमध्ये टाकली. एक थेंब इकडेतिकडे नाही. मी पाहतच राहिले. ओठ बधिर झालेल्या माणसाला अशी चूळ टाकता येत नाही. पाणी हनुवटीवरून ओघळतंच.

मी तिच्या हातांकडे पाहिलं. पदराचा पिळा करून तिनं तो मुठीत असा आवळला होता की बोटं पांढरी पडली होती.

कीड अजून शिल्लक होती आणि ती नसेच्या जवळची होती. आतापर्यंतचं दुखणं पुढच्यापुढे काहीच नव्हतं. थांबावं तर इंजेक्शन चुकल्याचं स्वतःच्या तोंडानं सांगावं लागणार, वेळही जाणार. न थांबावं तर कुणाला कळणारही नव्हतं. आत्या डोळ्यांनी खुणावत होती, कर, कर. मला तिचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

"खोटं का बोललीस?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"तू कर गं तुजं काम. मी दम धरलाय."

मी ड्रिल ठेवलं आणि हात वर केला. "सर, भूल लागलेली नाही."

"लागलीया, लागलीया!" आत्या खुर्चीतून ओरडली. "आवं सायेब, लय जड झालाय ओठ! पोरगी उगंच भेतीया!"

सगळं क्लिनिक आमच्याकडे बघायला लागलं. परीक्षकांनी मला विचारलं, "कशावरून?"

"सर, चूळ सरळ टाकली. ओघळ आला नाही."

त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "द्या परत. वेळ वाढवून मिळणार नाही. आणि मावशी, तुम्ही आता खरं बोला."

मी दुसऱ्यांदा सुई धरली. या वेळी घाई केली नाही. काही मिनिटांनी आत्यानं स्वतःच ओठाला बोट लावून पाहिलं. "आता झालाय," ती ओशाळून म्हणाली. जीभही जड झाली होती तिची.

उरलेली कीड काढून चांदी भरली तेव्हा वेळ संपतच आला होता. वरची सफाई राहून गेली. परीक्षकांनी आरशानं दाढ पाहिली, काहीतरी लिहिलं आणि ते निघून गेले. मी नापासच धरून चालले होते. पुढे निकालात काठावर पास झालेली दिसले.

त्या दिवशी मात्र बाहेरच्या बाकावर बसून मी आत्यालाच फैलावर घेतलं. "एवढं दुखत होतं तर सांगायचं नाही का?"

"कुनाला सांगायचं?" वाकड्या झालेल्या तोंडानं ती म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं दुकतंय म्हनलं की समदी म्हनायची, हातातलं उरक आदी. माजं दुकतंय म्हून कुनी आपलं काम थांबवलं, ह्ये आज पयल्यांदा बगितलं बाय."

आणि खुर्चीत टिपूस न काढलेली आत्या तिथं, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, हुंदके देऊन रडायला लागली. मी तिचा हात धरून बसून राहिले.