वेल्सच्या गुडघ्याला इंग्लंडचं आश्वासन

आज शनिवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी माझ्या धाकट्या बहिणीचा, कुमुदचा, वेल्सहून इथे अमेरिकेत आयसेलिनला फोन आला.

"ताई, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी काढलेलं पुण्याचं तिकीट कॅन्सल केलं! दारात निवडणुकीचं पत्रक आलंय, हा पक्ष निवडून आला की इथेच लगेच ऑपरेशन. तसं छापलंय."

"खालची बारीक अक्षरं वाच. कॉन्व्हेंटमध्ये काय शिकलीस?"

"'फक्त इंग्लंडसाठी.' अगंबाई!"

वेल्समधली सरकारी इस्पितळं वेल्सचं सरकार चालवतं, हे लंडनच्या पक्षाला ठाऊक नाही? मग ते पत्रक कुमुदच्या दारात टाकलं कशाला? मंडळी, ही चूक वाटते तुम्हाला? मला नाही वाटत.

त्या पक्षाच्या तिथल्या उमेदवाराला आत्ताच ईमेल केली: कुमुद जिना बसून उतरते. तिने पुण्याला जायचं की थांबायचं, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा.