जावेच्या बंद केलेल्या गोळ्या

माझी धाकटी जाऊ काजं करायची. शिंप्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, खिडकीपाशी. "मास्तर, कोट तुमचा, पण मिरवतो माझ्या काजांवर," असं मास्तरला तोंडावर म्हणायची. तो ऐकून घ्यायचा, कारण खरंच होतं.

गळ्यातली गाठ काढली तेव्हा रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथीही गेल्या, म्हणून डॉक्टरांनी तिला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. जन्मभर घ्यायच्या. सात वर्षं तिनं नेमानं घेतल्या. मग मला मुतखडा झाला. मी गडबडा लोळले आणि बरी झाल्यावर शहाणी झाले.

"अगं, हे खडे कॅल्शियमचेच असतात. कशाला रोज दगड गिळतेस?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, जाऊबाई."

"डॉक्टरांच्या पोटात कधी दुखलंय का?"

ती हसली. मी घरातली थोरली, माझं ऐकायची तिला सवय. गोळ्या बंद झाल्या.

वर्षभरात तिची बोटं आखडायला लागली. सुई धरलेली चिमूट सुटायची नाही. ओठांभोवती मुंग्या यायच्या. कामानं होतंय म्हणत मी तेल चोळत राहिले. पुढे जिना चढता चढता ती मध्येच बसू लागली. "तुम्ही व्हा पुढे, मी जरा पायऱ्यांना सोबत करते." पाय सुजले तेव्हा कुठे आम्ही दवाखाना गाठला.

तिथली डॉक्टरीण पोरगेलीच होती. मूठ उघडमीट करत मला समजावू लागली. "आजी, हृदय म्हणजे स्नायू, बारीक बारीक पेशींचा. दर ठोक्याला पेशीत कॅल्शियम शिरतं, ती आवळते. ते निघून गेलं की सैल पडते. जास्त साचलं तरी पेशी मरते, कमी पडलं तर आवळायला जोरच राहत नाही. यांचं हृदय तसंच ओढत राहिलं, ताणून सैल झालं. वेळेवर भरपाई झाली की बऱ्याच जणांचं सुधारतं. यांना उशीर झालाय."

मग जावेकडे वळून तिनं विचारलं, "गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं?"

मी हातातल्या पिशवीची गाठ सोडायला लागले.

"कोणी नाही," जाऊ म्हणाली. "मीच आळशी."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मुंग्या गेल्या, बोटं मोकळी झाली. पण अंगातली ताकद परत आली नाही. मास्तर कोट घरी पाठवायचा. दोन काजं झाली की ती उशीला टेकायची. शेवटी त्यानं काजांचं मशीन आणलं.

एकदा मी धीर करून म्हटलं, "त्या गोळ्यांचं मी तुला..."

"असू द्या हो," ती म्हणाली. "तुम्हाला तर खरंच दुखलं होतं."

तिसऱ्या वर्षी ती गेली. माझा दीर अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, आळसानं गेली बिचारी. मी तिथेच बसलेली असते. आळशी नव्हती रे ती, एवढं म्हणावंसं वाटतं. पण एवढं म्हटलं की तो पुढचं विचारेल.