माझ्या अक्षरातला अर्ज

वरसे गावातल्या आमच्या सोसायटीत अर्ज लिहायचा म्हटलं की सगळे माझ्याकडे येतात. पेणच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवल्याची ही शिक्षा. तुंबलेलं गटार, मोकाट कुत्री, सगळ्यांवर माझे अर्ज झालेत. तसाच हा अर्जही मीच लिहिला.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक म्हातारी नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून यायची. जिन्याखाली उभी राहून एखादं जुनं गाणं म्हणायची आणि भाकरी मागायची. सेक्रेटरीबाईंना ते खटकायला लागलं. "नुसती तक्रार नको, कायदा घाला," त्या म्हणाल्या. मी घातला. भिक्षा मागण्यावर बंदी घालणारा कायदा शोधून, चष्मा पुसून वाचला. गाणं म्हणून मागणं, खासगी जागेत शिरून मागणं, सगळं त्यात बसत होतं. अर्ज छान उतरला म्हणून खूशही झाले. वाटलं होतं, पोलीस चार शब्द सुनावतील आणि सोडून देतील. कसली मी शहाणी!

आठ दिवसांत गाडी आली आणि म्हातारीला घेऊन गेली. कोर्टाने तिला वर्षभरासाठी भिक्षेकरी गृहात पाठवलं.

त्यानंतर नवरात्र आलं. शुक्रवारी सेक्रेटरीबाई भरजरी साडी नेसून, हातात परडी घेऊन माझ्या दारात उभ्या. पाच घरी जोगवा मागायचा त्यांचा नेम आहे. बरोबर चारजणी, देवीचं गाणं म्हणत. मी सवयीने परडीत तांदूळ घातले, वर हळदकुंकूही लावलं. दार लावलं आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. गाणं म्हणून मागणं, खासगी जागेत शिरून मागणं! परडी असली की भक्ती, फाटकी पिशवी असली की गुन्हा? बाईंचा राग आला, कायद्याचा आला, पण सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. म्हातारीला तिचं नावसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन गाड्या बदलून तिला भेटायला गेले. तिने मला लगेच ओळखलं.

"बरी आलीस गो बाय. अष्टमीला माझा म्हातारा हाय. आमी दोगांनी पेनकडं मिठागरात जलम काढला, त्यात त्याचे डोले गेले. त्याला सांग, मी पलाली नाय."

मला पुढे ऐकवेना. म्हटलं, "आजी, तुम्हाला ज्या अर्जावरून इथे आणलं, तो मी लिहिला होता."

शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"येवडा लिवता येतो तुला?" ती म्हणाली. "मंग सोडवायचा पन लिव."

लिहिला. त्यात म्हाताऱ्याचे डोळे घातले, कायद्याची कलमं घातली, माझी चूक घातली. कितीदा खेटे घातले, प्रत्येक ठिकाणी "बघू" म्हणतात. पकडायला आठ दिवस पुरले होते, सोडवायला तीन महिने झाले तरी कागद हलत नाही. सोसायटीत मी आता कुणाशी बोलत नाही.

रोज दुपारी डबा घेऊन पूल ओलांडते. म्हातारा भाकरी हातात धरतो, पण तोंडात घालायच्या आधी विचारतो, "खरं सांग गो बाय, ती पलाली नाय ना?"