अस्तराआड गेलेलं पुस्तक

शिंप्याच्या दुकानातल्या मास्तरांची बायको, म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. बाईंचा एक हट्ट होता. गोष्टीची पुस्तकं त्या वाचत नसत. खोट्यासाठी डोळे कशाला फोडायचे, असं त्यांचं म्हणणं. त्यांना खरं लागे, आणि खरं कुठं मिळतं ते दर गुरुवारी सकाळी अकराला रेडिओ सांगे. पुस्तकांवर पंधरा मिनिटं बोलणाऱ्या त्या निवेदिकेचं ऐकून बाईंनी मधमाश्यांवरचं वाचलं, पूल कसे बांधतात ते वाचलं, दीपगृहाच्या रखवालदाराच्या आठवणीसुद्धा वाचल्या. दुकानात हात शिवणात गुंतलेले असत, म्हणून पुस्तकाचं नाव खडूने समोरच्या कापडावर लिहायचं आणि दुपारी वहीत उतरवायचं. वर्षानुवर्षांची सवय, कधी चुकली नव्हती.

चुकली ती नेमकी नको तेव्हा.

आठ महिन्यांपूर्वी मास्तरांना पक्षाघाताचा झटका आला होता. हात सावरला, जीभ नाही सावरली. उभा जन्म गिऱ्हाइकांशी गप्पा मारत मापं घेतलेला माणूस आता "प... प..." करून अडकायचा, आणि पाणी की पंखा हे ओळखून बाई पटकन शब्द पुरवायच्या. डॉक्टर म्हणाले, बोलणं यायचं तेवढं आलं. बाईंना ते साफ नामंजूर होतं. अशात त्या गुरुवारी रेडिओने एक पुस्तक सांगितलं. लिलाव पुकारणाऱ्या एका माणसाची वाचा झटक्याने गेली होती, ती त्याने परत कशी मिळवली, हे त्याने स्वतःच लिहिलं होतं. बाईंच्या हातात एका वकीलसाहेबांच्या कोटाचं अस्तर होतं, त्यावरच त्यांनी नाव खरडलं. तेवढ्यात मास्तर खुर्चीतून उठताना कलंडले आणि दिवस त्यातच गेला. संध्याकाळपर्यंत दुकानात मदतीला असलेल्या जाऊबाईंनी अस्तर कोटात शिवलं, इस्त्री फिरवली आणि वकीलसाहेब कोट घेऊन गेलेसुद्धा.

नाव काही केल्या आठवेना. एकदा लिहिलं की डोक्यातून पुसलं, ही बाईंची खोड. रेडिओ केंद्राचा फोन कुणी उचलेना. जाऊबाई म्हणाल्या, पुस्तकाने कुणी बोलतं होय? आणि खडू तर इस्त्रीने केव्हाच उडाला असेल.

"तुमची इस्त्री मला ठाऊक आहे," असं म्हणून बाईंनी पिशवीत कात्री टाकली आणि वकिलांची कचेरी गाठली.

वकीलसाहेब कोट घालूनच बसले होते. काढा म्हटल्यावर आधी हसले, मग चिडले, अर्ध्या तासात कोर्टात उभं राहायचंय म्हणाले. बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी कोट उतरला. बाईंनी वीतभर शिलाई उसवून आत डोकावलं. ज्या वरवरच्या इस्त्रीवरून पंधरा वर्षं जावेला टोमणे मारले, तिच्याच कृपेने आतली अक्षरं शाबूत होती. अस्तराला चार टाचण्या लावून, टाके नंतर घालून देते म्हणत बाई तडक वाचनालयात गेल्या.

दोन दिवसांत पुस्तक संपलं. एका पानावर मात्र बाई अडल्या. त्या माणसाने लिहिलं होतं, घरच्यांनी मायेने माझं प्रत्येक वाक्य पुरं केलं, मला बोलायला जागाच ठेवली नाही. बाई पुस्तक मिटून हमसून हमसून रडल्या. आठ महिने आपणच मध्ये तोंड घालत होतो! मग डोळे पुसले आणि ठरवलं, आता प्राण गेला तरी शब्द पुरवायचा नाही. पण जीभ कसली ऐकते? म्हणून मास्तर बोलू लागले की त्या ओठांत टाचण्या धरू लागल्या.

महिन्याभराने वकीलसाहेब आले. तुमच्या टाचण्या भर कोर्टात टोचतात म्हणाले, आणि नवीन कोटही शिवायचाय म्हणाले. मास्तर उठले. टेप घेऊन त्यांनी वकिलांच्या छातीभोवती फिरवली. बाई वही उघडून बसल्या, ओठांत टाचण्या.

"च... च..." मास्तरांच्या कपाळावर घाम आला. वकीलसाहेब मदतीला तोंड उघडणार, तोच बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. मास्तरांनी टेप घट्ट धरली, पुन्हा श्वास घेतला.

"चव्वेचाळीस," मास्तर म्हणाले.

"छे हो, माझी छाती बेचाळीस. कायमची."

मास्तरांनी टेप पुन्हा ओढली, आकड्यावर बोट ठेवलं.

"चव्वेचाळीस." या वेळी ते अडखळले नाहीत.

बाईंनी टाचण्या काढल्या नाहीत. डोळ्यांतलं पाणी वहीवर पडत होतं, तरी चव्वेचाळीस लिहिलं आणि पुढच्या मापाची वाट बघत बसल्या.