छताला नेफा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्याने तेवढं पोटात घालावं.

देवळीत एका शेठच्या साडीच्या दुकानासाठी मी ब्लाउज, परकर शिवत असे. शेठने तळघरात लग्नाच्या साड्यांचा विभाग काढला आणि तिथल्या छताच्या कामावरून वायरमन सुधाकरभाऊंशी त्यांची जुंपली. सगळ्या दुकानाचं वायरिंग तळघराच्या स्लॅबखालून गेलेलं. शेठला खाली पीओपीचं, म्हणजे पांढऱ्या प्लास्टरचं, गुळगुळीत छत हवं होतं.

"जॉइंट बंद केले तं बिघाड झाल्यावर हात कुठून घालू?" सुधाकरभाऊ म्हणाले.

"बिघाड होईनच काऊन?"

छत झालं. आठवड्यात उंदराने वायर कुरतडली. छत फोडलं. दुसरं केलं, तेही फोडलं.

"शेठ, एक झाकण तरी ठेवा."

"छताले झाकण? गिऱ्हाइकाले वाटन, पान्याची टाकी हाय!"

मी तेव्हा परकरांचा गठ्ठा घेऊन उभी होते. सुधाकरभाऊंनी त्यातला एक उचलला आणि नाडी ओढून सगळं कापड एका बाजूला गोळा केलं. "असं छत पाह्यजे. ओढलं का उघडलं."

शेठ लाजले. मग मला म्हणाले, "वैनी, जमते काय?"

मी हो म्हणाले. कापड मीच आणायचं, पैसे काम झाल्यावर. त्यासाठी बचत गटातून कर्ज काढलं.

सुधाकरभाऊंनी भिंतीपासून भिंतीपर्यंत तारा ताणल्या. मी गुलाबी कापडाच्या पट्ट्यांना दोन्ही काठांनी नेफे शिवले, त्यांतून तारा ओवल्या, प्रत्येक पट्टीला ओढायला नाडी लावली. ट्यूबलाइट कापडाच्या खाली टांगल्या, म्हणजे कापड तापत नाही.

उद्घाटनाला गिऱ्हाइकं जिना उतरली, वर पाहिलं, चपला काढल्या आणि ओळीने बसली. वडनेरच्या एका आजोबांनी शेठच्या हातात आहेर ठेवून विचारलं, "नवरी कोन्या गावची?"

कोणीतरी म्हणालं, "पंगत लवकर बसवा, बस जाईन आमची."

शेठ माझ्यावर उखडले. "दुकानाचा मांडव करून टाकला वैनी तुमी! याचे पैसे नाई भेटत."

गटातल्या बायकांना मी काय तोंड दाखवणार होते? जवळची नाडी हाताला लागली, ती ओढली. पट्टी सरकली आणि वायरींचं जंजाळ उघडं पडलं.

"अवो बाई, हे काय लोंबून राह्यलं?" एक बाई हातातली साडी टाकून उठली.

मी दुसरी ओढली. आणखी दोघी उठल्या. तिसऱ्या नाडीला हात लावला तशी शेठ गल्ल्याकडे धावले.

ट्यूब नीट करायला शिडीवर चढलेले सुधाकरभाऊ हळूच म्हणाले, "वैनी, एक पट्टी माह्या मजुरीचीही ओढजा."

तेव्हापासून कोणतंही काम केलं तरी पैसे हातात पडेपर्यंत मी नाडी आपल्या बाजूला ठेवते. त्या दिवशी पैसे मोजून घेतले, पट्ट्या परत सारल्या, घरी गेले आणि संध्याकाळच्या बैठकीत गटाचं सगळं कर्ज एकदम फेडलं.